टाकी ते जेट : जुन्या बुलेटचा पेट्रोलपुरवठा

सपाटीला गाडी झकास पळते. खंबाटकी चढायला लागली की अर्ध्या घाटात तिचा दम तुटतो, रेस वाढवली तर आणखी मरगळते आणि दोन-चार आचके देऊन बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबून किक मारली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट बाळगणाऱ्या बहुतेकांच्या हे ओळखीचं आहे. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: "कार्बोरेटर साफ करून घ्या."

कार्बोरेटर साफ होतो, गाडी चार दिवस बरी चालते आणि पुढच्या रविवारी तीच रडकथा. कारण कार्बोरेटरमध्ये सापडलेला कचरा तिथे तयार झालेला नसतो, तो वरून आलेला असतो. कधी कधी तर कचरा नसतोच, पेट्रोलच पुरेसं उतरत नसतं. म्हणून या लेखाचं सांगणं एकच आहे: पेट्रोल ज्या वाटेने खाली येतं त्याच वाटेने, त्याच क्रमाने दोष शोधा आणि कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी उघडा.

मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातली ३५० सीसीची बुलेट हे उदाहरण मी समोर ठेवलं आहे. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी असं ते इंजिन. आधीच्या गाड्यांवर अमल, नंतरच्यांवर मिककार्बचा व्हीएम-२४ कार्बोरेटर. पण म्हैसूरची जावा-येझदी असो, राजदूत असो की आरएक्स-१००, या सगळ्या गाड्यांत पेट्रोल पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. मागे ढकलणारं कोणी नसल्यामुळे वाटेतला बारीकसा अडथळाही या पुरवठ्याला पुरतो. वाट अशी: झाकण, टाकी, कॉक, नळी, फिल्टर असल्यास तो, फ्लोटची नीडल, आणि शेवटी जेट.

हात लावण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खोलीच्या कोपऱ्यात साचते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. त्यामुळे हे काम अंगणात किंवा पूर्ण उघड्या शेडमध्ये करा. बंद पार्किंगमध्ये किंवा पाणी तापवायचा बंब, देवघरातला दिवा, इन्व्हर्टर यांच्या आसपास नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. इंजिन गार होऊ द्या. जवळ वाळूची बादली किंवा एबीसी प्रकारचा अग्निशामक ठेवा. टाकीत डोकावायला एलईडी टॉर्च वापरा. काडी किंवा लायटर पेटवून पाहणारे महाभाग अजूनही भेटतात, म्हणून हे लिहावं लागतं.

दुसरी वाईट सवय नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची. थोडंसं पेट्रोल फुप्फुसात गेलं तरी जिवावर बेततं. हातपंप स्वस्त मिळतो, तो आणा. पेट्रोल काढून ठेवायला घट्ट झाकणाचा कॅन हवा, उघडी बादली नको.

दोष पेट्रोलचाच आहे ना?

पॉइंट आणि कंडेन्सरच्या इग्निशनवर चालणाऱ्या गाडीत हा प्रश्न टाळता येत नाही. कंडेन्सर तापला की करंट तुटतो आणि गार झाला की पुन्हा येतो. म्हणजे "थांबलं की सुरू होते" हे लक्षण दोन्ही दोषांत सारखंच दिसतं. फरक बंद पडण्याच्या तऱ्हेत आहे. करंट गेला की इंजिन बहुधा फटकन मरतं, किंवा मिसिंग मारत सायलेन्सरमधून फटाके फोडतं. पेट्रोल कमी पडलं की ताकद हळूहळू जाते, आणि मरण्याआधी रेस थोडी कमी केली तर गाडी क्षणभर सावरते.

खात्री करायला एक तपासणी पुरते. गाडी बंद पडली की लगेच बाजूला घ्या, कॉक बंद करा आणि फ्लोट बाउलचा ड्रेन स्क्रू एका छोट्या बाटलीत मोकळा करा. स्क्रू नसेल तर बाउल सोडा. इंजिन गरम असतं, तेव्हा एक थेंबही त्यावर सांडू देऊ नका. बाउल भरलेला निघाला तर पेट्रोल पोचत होतं. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल तपासा. नुसते चार थेंब पडले तर चोर पेट्रोलच्या वाटेवर आहे. प्लगही पाहा. तो कोरडा आणि पांढुरका असेल तर मिश्रण पातळ झालेलं आहे. काळा, ओला असेल तर उलट पेट्रोल जास्त होतंय. तो वेगळा दोष, त्याबद्दल पुढे.

पहिला संशयित : झाकण

टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक बारीक भोक असतं. धूळ, पॉलिशची पेस्ट किंवा बदली झाकणाचं चुकीचं रबर यांनी ते बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल रडतखडत उतरतं. टाकी भरलेली असताना, लांब पल्ल्यावर, एकसारख्या वेगात हा दोष हमखास दिसतो. गावात दोन-दोन किलोमीटर फिरताना दिसतच नाही.

तपासणी फुकट आहे. गाडी दम तोडायला लागली की थांबून झाकण उघडा. "स्स" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच पळू लागली, तर निदान झालं. झाकण सोडवून वाफेपासून दूर नेऊन भोकातून हवा मारा, बारीक तार फिरवा. बाजारातल्या काही झाकणांना भोकच नसतं. नवं झाकण घेताना तोंड लावून फुंकून पाहा. भोक बरोबर असेल तर फुंकर पलीकडे जाणवते.

कॉक आणि नळी : अंदाज नको, मोजा

"पेट्रोल येतंय की" असं म्हणून गॅरेजमध्ये लोक पुढे जातात. किती येतंय, हे कोणी मोजत नाही. हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी बुलेट लिटरला ३० किलोमीटर देत असेल तर तासाला २ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ३३ मिलिलिटर पेट्रोल पिते. घाटात दुप्पट धरली तरी ७० मिलिलिटरच्या आतच. पण मोकळी नळी यापेक्षा कितीतरी जास्त सोडते. मापाची बाटली घ्या, नळीचं टोक कार्बोरेटरवरून काढून त्याच उंचीवर बाटलीत धरा, झाकण नेहमीसारखं बंद ठेवा आणि घड्याळ लावून कॉक उघडा. मिनिटाला २०० मिलिलिटर किंवा जास्त पेट्रोल आलं तर वरची वाट मोकळी समजायला हरकत नाही. १०० च्या खाली आलं तर घाटातला दोष सापडल्यातच जमा आहे.

हे किमान तीन मिनिटं करा. पहिल्या मिनिटाला धो-धो आणि तिसऱ्याला थेंब-थेंब असं झालं तर झाकण उघडून पुन्हा पाहा. झाकण उघडताच धार वाढली तर दोष झाकणाचा. नाही वाढली तर कॉकचा. मग रिझर्व्हवर हेच करा. मेनच्या वाटेला टाकीच्या आत एक उभी नळी असते, रिझर्व्हचं भोक तळाला असतं. मेनवर कमी आणि रिझर्व्हवर भरपूर येत असेल तर उभ्या नळीची जाळी तुंबली आहे. उलट असेल तर तळाशी गाळ बसलाय. आणि मेन-रिझर्व्ह सारखंच वागत असेल तर उभी नळी तुटून पडलेली असू शकते. अशी गाडी एक दिवस रिझर्व्ह न देताच रस्त्यात उभी राहते.

कॉक काढताना टाकी रिकामी करा. जुन्या दट्ट्याच्या कॉकमध्ये बुचाची सील असते. ती वाळली की आक्रसते आणि गळते, फुगली की दट्ट्या अडकतो. नव्या कॉकमध्ये चार भोकांचं रबरी पॅकिंग असतं. ते सुजलं की भोकं अर्धी बुजतात, आणि बाहेरून कॉक उत्तम दिसतो. पॅकिंगचा संच मिळत असेल तर बदला, नसेल तर पूर्ण कॉक. पण जुना पितळी कॉक फेकू नका. पितळेची घडण बहुतेक नव्या नकली कॉकपेक्षा चांगली असते आणि सील बदलली की तो पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. बसवताना फायबरचा वायसर नवा घाला. जुन्यावर सोल्युशन फासून गळती थांबवली तर ते सोल्युशन विरघळून जेटमध्ये जातं.

नळी वरून गुळगुळीत दिसते, आतून सुजलेली किंवा सोललेली असू शकते. दोन वर्षं झाली असतील तर विचार न करता बदला. पेट्रोलला टिकणारी नळीच घ्या. पारदर्शक साधी प्लास्टिकची नळी इंजिनच्या उष्णतेने कडक होते आणि निपलवर चिरते. नळी कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतरती हवी. मध्ये कमान झाली तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि पेट्रोल थबकतं. जास्त लांब नळी दुमडते, सिलिंडरच्या फिन्सला टेकलेली नळी तापते.

बाहेरून बसवायच्या फिल्टरबद्दलही दोन शब्द. कारसाठी बनलेले कागदी फिल्टर पंपाच्या दाबावर चालतात. बुलेटमध्ये टाकी आणि कार्बोरेटर यांच्या उंचीतला फरक तोकडा आहे, त्यात टाकीत पेट्रोल कमी झालं की दाब आणखी घटतो. कागदी फिल्टरमधून मग धार बारीक होते. बसवायचाच असेल तर जाळीचा, गुरुत्वावर चालणाऱ्या दुचाकीसाठीचा बसवा, बाण खाली करून. फिल्टर बसवल्यावर वरची मोजणी पुन्हा करा.

टाकीतला गंज

जाळीवर तांबूस भुकटी सापडली तर उत्तर टाकीत आहे. आपल्याकडे, विशेषतः कोकण-गोव्यात, अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली की रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि गंजाची सुरुवात टाकीच्या सर्वांत खालच्या शिवणीपासून होते.

हलका गंज घरी काढता येतो. टाकी गाडीवरून उतरवा, पूर्ण रिकामी करा, कॉक काढून भोक बुचाने बंद करा. साबणाच्या पाण्याने दोन-तीन वेळा खळबळून तेलकटपणा घालवा, नाहीतर आम्ल गंजापर्यंत पोचणार नाही. मग किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात विरघळवा. साधारण १४ लिटरच्या टाकीला एक किलो पुरतं. टाकी तोंडोतोंड भरा, कारण पाण्याच्या वरचा पत्रा तसाच राहतो. झाकण घट्ट लावू नका. आत हायड्रोजनचे बुडबुडे तयार होतात, त्यांना बाहेर पडायला वाट हवी. याच कारणाने जवळ जाळ नको. १२ ते २४ तासांनी टॉर्चने पाहा. राखाडी, स्वच्छ पत्रा दिसला की पाणी ओता.

पापुद्रे धरलेला गंज असेल तर आधी एखाद्या जुन्या साखळीचा तुकडा आत घालून टाकी हलवा. सुटे नट-बोल्ट घालणार असाल तर मोजून घाला आणि मोजून काढा. आम्लाचा ओघळ रंगावर येऊ देऊ नका. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने मारलेल्या असतात. त्या गेल्या की पहिल्यासारख्या होत नाहीत.

आम्ल काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. फेस येतो, म्हणून टाकी बंद करू नका. मग स्वच्छ पाणी, आणि लगेच वाळवण. इथे वेळ दवडला तर उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबडा होतो. कडक ऊन किंवा गरम हवेचा ब्लोअर चालेल, पण ब्लोअर आत पेट्रोलचा वासही उरला नसेल तेव्हाच. वाळताच थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवून पत्र्यावर पातळ थर बसवा.

टाकीला बारीक भोकं पडली असतील तर ती घरी बुजवू नका, आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे तर तशीच नेऊच नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. टाक्यांचं ब्रेझिंग नेहमी करणारा कारागीर आधी ती पाण्याने पूर्ण धुऊन घेतो. असाच माणूस शोधा. आतून अस्तर लावणार असाल तर ते इथेनॉलला टिकणारं आहे हे डब्यावर वाचूनच घ्या. साधं इपॉक्सीचं अस्तर सुटून त्याचे पापुद्रे कॉकमध्ये आले तर मूळ गंज परवडला असं म्हणायची पाळी येते.

पंपावरचं पेट्रोल बदललंय, गाडी तीच आहे

२०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण सरासरी १० टक्क्यांवर गेलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं ई-२० पंपांवर येऊ लागलं आणि आता देशभर तेच मिळतं. नव्या गाड्यांचे भाग ते गृहीत धरून बनवलेले आहेत. १९७५ च्या बुलेटचे नाहीत. तिच्यावर त्याचे चार परिणाम होतात.

एक, जुनी रबरं, बुचाच्या सील आणि काही अस्तरं फुगतात किंवा विरघळतात. दोन, इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सोडवतं. त्यामुळे नेहमीच्या गाडीतही अचानक कचरा यायला लागतो. तीन, ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि गढूळ थर बनून तळाशी बसतात. कार्बोरेटरच्या धातूवर जमणारी पांढरी भुकटी आणि पितळी जेटवरची हिरवट बुरशी ही त्याचीच खूण.

चौथा परिणाम चटकन लक्षात येत नाही. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जाळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तोच जेट, तीच हवा ठेवली तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. पूर्वी बेताबेताने ट्यून केलेली गाडी आता घाटात गरम होते, हेडमधून कडकड ऐकू येते, चोक थोडा ओढला की बरी पळते. सगळी वाट मोकळी असूनही असं होत असेल तर मेन जेट एक माप मोठा घालून पाहणं योग्य ठरतं. पण वाट मोकळी आहे हे आधी सिद्ध झालेलं हवं. तुंबलेल्या कॉकवर मोठा जेट हा उपाय नव्हे.

आता कार्बोरेटर

इथवर सगळं ठीक निघालं तरच कार्बोरेटर उतरवा. आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. एअर स्क्रू पूर्ण आत टेकेपर्यंत किती फेऱ्या फिरतो हे मोजून लिहून ठेवा. पांढरं कापड पसरा, त्यावर बाउल सोडा आणि तळातला गाळ आधी पाहा. तांबूस भुकटी टाकीकडे बोट दाखवते, काळे कण नळीकडे, पाण्याचे थेंब उभ्या राहिलेल्या गाडीकडे, आणि मधासारखा चिकट थर जुन्या पेट्रोलकडे.

जेट काढताना स्क्रू-ड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं हवं. पितळ मऊ असतं, खाच एकदा घसरली की जेट काढायला ड्रिल लागतं. जेट उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. बुजलं असेल तर कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा वापरा. अगदीच हट्टी कण असेल तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालेल. स्टीलची तार, सुई किंवा ड्रिलचं टोक नको. भोक केसभर मोठं झालं तरी जेटवरचा आकडा खोटा ठरतो. गॅरेजमध्ये मायलेज किंवा पिकअपच्या नावाखाली पाना-पकडीने "सुधारलेले" असे जेट जुन्या गाड्यांत बरेच सापडतात. शंका आली तर नवा खरा जेट आणा, तो महाग नसतो. क्लीनर फवारण्यापूर्वी सगळे रबरी ओ-रिंग काढून ठेवा.

पायलट जेटचं भोक सगळ्यांत बारीक असतं, त्यामुळे आधी तेच बुजतं. गाडी चोकवरच सुरू होते, चोक काढला की मरते, पण रेसमध्ये छान पळते, असं असेल तर दोष इथेच. बॉडीतल्या पायलटच्या वाटाही हवेने मोकळ्या करा. नुसता जेट धुऊन भागत नाही. पाणी आणि पेट्रोल वाळून बसलेला क्षार इतर कशाने निघत नसेल तर अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुऊन देणारे शहरात मिळतात.

फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर फ्लोट फुटका आहे. फ्लोटच्या नीडलच्या टोकावर रिंगण उमटलं असेल तर नीडल आणि सीट दोन्ही बदला. फ्लोटची उंची मॅन्युअलमधल्या मापाला जुळवा. नीडलला टेकणारी पट्टी नीडलकडे वाकवली तर ती लवकर बंद होते आणि बाउलमधली पातळी खाली येते. उलट वाकवली तर वर जाते. पातळी खाली असलेली गाडी जेट स्वच्छ असूनही पूर्ण रेसमध्ये उपाशी राहते. म्हणून घाटातल्या दोषात ही उंची तपासायला विसरू नका.

व्हीएम-२४ मध्ये चोक म्हणजे झडप नसून जादा पेट्रोलची वेगळी वाट आहे. तिचा दट्ट्या खाली पूर्ण टेकला नाही तर गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. आणि ही वाट थ्रॉटल बंद असतानाच नीट काम करते, म्हणून गार गाडी सुरू करताना चोक लावून रेस पिळू नये.

खडूची खूण

कार्बोरेटरचा कुठला भाग दोषी आहे हे थ्रॉटलच्या स्थितीवरून कळतं, वेगावरून नाही. मूठ आणि तिच्या शेजारच्या घरावर खडूने किंवा टेपने बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा आणि मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या चढाला गाडी न्या.

बंद ते पाव थ्रॉटलला अडखळली तर पायलट जेट आणि एअर स्क्रू. पावच्या आसपास स्लाइडचा कापही हिशेबात येतो. पाव ते पाऊणमध्ये जेट नीडल. पाऊण ते पूर्णमध्ये मेन जेट आणि वरचा पुरवठा. व्हीएममध्ये एअर स्क्रू आत फिरवला की मिश्रण दाट होतं, बाहेर काढला की पातळ. दीड फेरी बाहेर ही सुरुवातीची चांगली जागा. नीडलची क्लिप वरच्या खाचेत गेली की नीडल खाली बसते आणि मिश्रण पातळ होतं. खालच्या खाचेत गेली की दाट. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही.

लडाखला जाणाऱ्यांना मात्र उलटा अनुभव येतो. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, हवा विरळ आहे, त्यामुळे तेच जेट तिथे जास्त पेट्रोल देतात. गाडीचा दम पेट्रोल कमी पडल्यासारखाच तुटतो, पण प्लग काळा निघतो. तिथे क्लिप एक खाच वर घ्यावी, मोठा जेट मुळीच घालू नये.

हवेची चोरवाट

पेट्रोल पूर्ण येतंय, तरी गाडी पातळ मिश्रणासारखी वागते, आयडलिंग वर-खाली होतं, रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फुटते? मग कार्बोरेटर आणि हेडच्या मधून जादा हवा शिरत असेल. वर्षानुवर्षं नट आवळून आवळून कार्बोरेटरचा फ्लँज धनुष्यासारखा वाकतो; जुन्या अमलमध्ये हे नेहमीचंच. काचेवर ठेवून पाहा, मध्ये फट दिसते. काचेवर पॉलिश पेपर पसरून फ्लँज सपाट घासा, ओ-रिंग आणि पॅकिंग नवं घाला, नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने बेताने आवळा. मधला उष्णतारोधक तुकडा कोणी "नको असलेला" म्हणून काढला असेल तर तो परत बसवा. तो नसला की एप्रिल-मेच्या उन्हात कार्बोरेटर इतका तापतो की बाउलमधलं पेट्रोल उकळतं. गळती शोधायला आयडलवर जोडाभोवती साबणाचं पाणी ब्रशने लावा. ते आत ओढलं जाऊन आवाज बदलला की जागा सापडली. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून शोधण्याचा प्रकार आगीला आमंत्रण आहे.

ओव्हरफ्लो होत असेल तर

पुरवठ्याचा दोष दोन्हीकडे जातो. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर नीडलखाली कण अडकला आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बाउलवर हलके टोले दिले की बऱ्याचदा सुटतो, पण तो कुठून आला हे शोधावंच लागतं. रात्रभर कॉक उघडा राहिला असेल तर किक मारण्याआधी इंजिन ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत हेच पेट्रोल क्रँककेसमध्ये साचतं. प्लग काढून, कॉक बंद करून, वायर प्लगपासून दूर अर्थ करून किक मारत ते बाहेर काढावं लागतं.

पावसाळ्यात उभी ठेवताना

महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा, दमट हवेला जागाच नको. त्याहून जास्त असेल तर टाकी रिकामी करून आत ऑइलचा थर द्या, आणि कॉक बंद करून गाडी चालू ठेवत बाउल रिकामा होऊ द्या. बाउलमध्ये सुकलेलं पेट्रोल पुढच्या मोसमाचा पहिला दोष ठरतं.

एवढं करूनही कार्बोरेटर फारच झिजलेला निघाला, स्लाइड बॉडीत खडखडत असेल, तर नवा बसवणं शहाणपणाचं. जुना मात्र जपून ठेवा. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, आणि गाडी मूळ स्वरूपात असावी, चासीत किंवा इंजिनात फेरफार नसावेत, अशी तिची अट आहे. मूळ भाग कपाटात असले तर उद्या ते परत बसवता येतात.

डिकीत नळीचा एक तुकडा, कॉकचं पॅकिंग, फ्लोटची नीडल, पायलट आणि मेन जेट, एक प्लग आणि मापाची छोटी बाटली ठेवा. थांबल्यावर कॉक बंद करायची सवय लावा. आणि यापुढे गॅरेजमध्ये कोणी कार्बोरेटरला पाना लावायला निघाला, तर आधी नळी काढून मिनिटाला किती पेट्रोल येतं ते मोजायला सांगा.